रंग फवारा, पण धुऊन पाहा!

‘एअरब्रश’ हा शब्द आपल्यापैकी अनेकींना पहिल्यांदा कळला तो नवरीच्या मेकअपमुळे. मग केक करणाऱ्यांनी तो उचलला. आता तो कापडावरही आलाय. साडीच्या पदरावर धुक्यातून उमलल्यासारखी कमळं, कुर्त्याच्या घेरावर गडदपासून फिक्यापर्यंत उतरत गेलेला निळा रंग, मुलांच्या टी-शर्टवर झेप घेणारा वाघ... अशी छटा ब्रशने आणायची तर दिवस जातो, एअरब्रशने ती तासाभरात होते.

खरं तर हे तंत्र आपल्याला अगदीच परकं नाही. दिवाळीची शुभेच्छापत्रं घरी करायचो तेव्हा कागदावर पान ठेवायचं, जुना टूथब्रश रंगात बुडवायचा आणि कंगव्यावर घासायचा. पान उचललं की भोवती रंगाचे बारीक तुषार आणि मधे पानाचा पांढरा आकार! पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्तीच्या गालावरची, सोंडेवरची नाजूक छटा आज हवेच्या दाबावरच फवारली जाते. एअरब्रश म्हणजे हेच काम, फक्त पेनाएवढ्या यंत्रातून. कॉम्प्रेसरची हवा येते, वरच्या वाटीतला रंग ओढून घेते आणि सुईच्या टोकातून त्याचा फवारा होतो.

कागद आणि मूर्ती आपण धुण्यात टाकत नाही. कापड मात्र धुण्यातच जातं. म्हणून माझ्या फॅब्रिक पेंटिंगच्या क्लासमध्ये हल्ली एकच प्रश्न सारखा येतो, ‘मॅडम, मशीन घेतलं, पण रंग कुठला घेऊ? परवडला पाहिजे आणि टिकलाही पाहिजे.’

बावीस साड्यांची ऑर्डर

हा प्रश्न किती खरा असतो ते मला माझ्या क्लासमधल्या एका ताईमुळे कळलं. नवऱ्याचं यंत्रमागावरचं काम सुटलेलं, दोन मुलं शाळेत. तिने बचत गटातून कर्ज काढून एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला. त्यातच निम्म्याहून जास्त पैसे संपले. आणि लगेच ऑर्डरही आली. मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका ग्रुपने एकसारख्या बावीस सुती साड्या घेतल्या होत्या. त्यांच्या पदरांवर केवडा आणि मोगरा काढून हवा होता. श्रावण वीस दिवसांवर आलेला.

साड्या ग्रुपच्या होत्या, विकत घेतलेल्या, कोऱ्या. रंग धुण्यात गेला तर बावीस बायका हिच्या दारात येणार. भरपाई द्यायला हिच्याकडे पैसे नाहीत. शिवाय आपलं गाव लहान. एकीची साडी खराब झाली की संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत कळतं, पुढची ऑर्डर मिळायची नाही.

रंगांच्या एका दुकानदाराने तिला सांगितलं, ‘कुठलाही अ‍ॅक्रिलिक घ्या, सगळे सारखेच.’ मशीनबरोबर परदेशी तयार रंगाची एक छोटी बाटली नमुना म्हणून आली होती. तो रंग उत्तम, पण बावीस पदरांना पुरेल एवढा घ्यायचा तर उरलेलं सगळं कर्ज त्यातच गेलं असतं. मी तिला म्हटलं, ‘आपण आधी धुऊन बघू. साडीला हात लावायचा नाही.’

सहा चौकोनांची परीक्षा

आम्ही मांजरपाटाचा एक तुकडा धुऊन, वाळवून घेतला आणि त्यावर सहा चौकोन फवारले.

पहिला साध्या पोस्टर कलरचा. दुसरा भिंतीच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर घालून केलेल्या रंगाचा. तिसरा बाजारात मिळणाऱ्या फॅब्रिक कलरमध्ये भरपूर पाणी घालून, इस्त्री न करता. चौथा तोच फॅब्रिक कलर, पण मीडियम घालून आणि नंतर इस्त्री करून. पाचवा स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात त्या पिगमेंट आणि बाइंडरचा, तोही इस्त्री करून. सहावा त्या परदेशी नमुन्याचा, त्यालाही इस्त्री.

तीन दिवस थांबलो. मग तुकडा दहा वेळा धुतला. रोजची पावडर, रोजचं बोअरचं पाणी. प्रत्येक वेळी वाळवून पांढरं ओलं फडकं त्यावर घासून पाहिलं.

पोस्टर कलर पहिल्याच धुण्यात बादलीत उतरला. त्यात रंग धरून ठेवायला डिंकासारखा पदार्थ असतो आणि तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे यात नवल नाही. भिंतीचा रंग गेला नाही, पण तो चौकोन पापडासारखा कडक झाला आणि पाचव्या-सहाव्या धुण्यानंतर घडीवर त्याला तडे गेले. अंगावर घालायच्या कापडासाठी तो रंग मुळात नाहीच. भरपूर पाण्याचा तिसरा चौकोन तिसऱ्या धुण्यापर्यंत फिका पडला, फडक्यालाही रंग लागला.

चौथा दहाव्या धुण्यानंतरही जवळजवळ तसाच होता. पाचवा हाताला सगळ्यात मऊ, रंगही टिकलेला, पण ओल्या फडक्यावर किंचित डाग आला. सहावा फवारायला सगळ्यात सोपा होता, धुण्यात मात्र चौथ्याइतकाच. ताई दोन्ही चौकोन उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. ‘म्हणजे जास्तीचे पैसे मी फक्त तो आयता पातळ मिळतो म्हणून द्यायचे?’ तिने विचारलं. तिचं म्हणणं बरोबर होतं.

रंग कापडाला धरतो कसा?

तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनात रंग एकच होता, तरी निकाल वेगळा. असं का? फॅब्रिक कलरमध्ये रंगाची बारीक पूड असते आणि तिला धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक असतं. हे अ‍ॅक्रिलिक पाण्यात अगदी बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि धाग्यावर पातळ, लवचीक पापुद्रा तयार होतो. रंगाची पूड त्या पापुद्र्यात अडकून बसते. उष्णता मिळाली की पापुद्रा आणखी घट्ट होतो.

आता नुसतं पाणी ओतून रंग पातळ केला तर हे कण एकमेकांपासून लांब जातात, सलग पापुद्रा बनत नाही आणि रंग सुटतो. फॅब्रिक मीडियम म्हणजे बहुतेक तेच अ‍ॅक्रिलिक, फक्त रंगाशिवाय. त्याने रंग पातळ होतो, पण पकड कमी होत नाही. म्हणून मीडियमचे पैसे वाचवू नका.

फॅब्रिक कलर आपल्याकडे कुठेही मिळतात. दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅमलिनचे ‘कॅमल’चे रंग आणि पिडिलाइटचे ‘फेव्हिक्रिल’ तर तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातही असतात. डब्यावर ‘फॅब्रिक’ हा शब्द आहे ना, एवढं बघून घ्या. चित्रकारांचे नुसते अ‍ॅक्रिलिक रंग कापडावर कडक होतात. मीडियम शक्यतो त्याच कंपनीचं घ्या.

पातळ किती करायचं?

बाटलीतला फॅब्रिक कलर श्रीखंडासारखा दाट असतो, तो सुईतून जाणार नाही. आमचं प्रमाण असं ठरलं : रंग दोन भाग, मीडियम एक भाग, पाणी जास्तीत जास्त एक भाग. म्हणजे एकूण मिश्रणात पाणी पाव हिश्श्याच्या वर जात नाही. पाणी थेंबाथेंबाने घाला. काचेच्या वाटीच्या कडेवर थेंब सोडला की तो दुधासारखा खाली ओघळला पाहिजे. दह्यासारखा अडला तर अजून दाट आहे. पाण्यासारखा पळाला तर जास्त पातळ झाला, कापडावर पसरेल. पाण्याचं प्रमाण गाठलं आणि तरीही दाट वाटला तर थोडं मीडियम घाला.

मिश्रण जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. एअरब्रश बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रंगातली गुठळी. कापडासाठी ०.५ मिलीमीटरचं नोझल बरं. ०.२ किंवा ०.३ चं नोझल बारीक रेषेला छान, पण फॅब्रिक कलरने लवकर तुंबतं. सोनेरी आणि मोतिया रंगांतले चमकीचे कण मोठे असतात, ते तर बारीक नोझलमधून काढायच्या फंदात पडूच नका. हवेचा दाब ३० ते ४० पीएसआय ठेवा, म्हणजे दुचाकीच्या मागच्या टायरमध्ये असतो साधारण तेवढा.

एकदम ओला थर देऊ नका. हात जरा लांब ठेवून हलका थर द्या, वाळू द्या, मग दुसरा. स्टेन्सिलसाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. पुसून पुन्हा पुन्हा वापरता येते.

पिगमेंट-बाइंडर : स्वस्त, पण सांभाळून

ऑर्डरी वाढल्या की पाचव्या चौकोनाकडे बघायला हरकत नाही. इचलकरंजी, सोलापूर, मालेगावसारख्या कापडाच्या गावांत डाइज-केमिकलच्या दुकानात पिगमेंट, बाइंडर आणि फिक्सर सुटे मिळतात. स्क्रीन प्रिंटिंगवाला ओळखीचा असेल तर तो पत्ता सांगेल. पिगमेंट अतिशय घट्ट रंगाचं असतं, चमचाभर पुष्कळ होतं, म्हणून हा मार्ग सगळ्यात स्वस्त पडतो.

१०० मिली मिश्रणासाठी बाइंडर २० ते २५ मिली, पिगमेंट ३ ते ५ मिली, फिक्सर १ ते २ मिली आणि बाकी पाणी, एवढ्यापासून सुरुवात करा. बाइंडर जसा असेल तसं प्रमाण बदलतं, म्हणून दुकानदाराला विचारा आणि तुकड्यावर पाहा. बाइंडर कमी पडला तर रंग घासल्यावर निघतो, जास्त झाला तर कापड कडक होतं. गडद रंग हवा म्हणून नुसतं पिगमेंट वाढवलं आणि बाइंडर तेवढाच ठेवला तरी रंग सुटणारच. हे मिश्रण पातळ असतं, तेव्हा थर अगदी हलके द्या. फिक्सर घातलेलं मिश्रण त्या दिवसापुरतंच करा.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. काही बाइंडर आणि फिक्सरमध्ये फॉर्माल्डिहाइडचा अंश असतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि तान्ह्या बाळाची झबली-टोपडी या रंगाने करू नका.

कापड ओळखा

कोऱ्या कापडाला खळ असते. रंग खळीवर बसला तर खळीबरोबर धुऊन जातो. म्हणून कापड आधी कोमट पाण्यात पावडर घालून धुवा आणि त्यावर कंडिशनर वगैरे काही वापरू नका. साडी गिऱ्हाइकाची असेल तर तिला विचारून धुवा. सुती साडीचा रंगच जाणारा असेल तर तेही तेव्हाच कळतं. साडीला ब्लाउजपीस असेल तर नमुना तिथे, शिलाईत जाणाऱ्या कडेला करून बघा. ताईने हेच केलं. तिने एका ब्लाउजपीसची कडा रंगवून तीन वेळा धुतली आणि मगच पहिल्या पदराला हात लावला.

गडद कापडावर साधे रंग दिसत नाहीत. आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. पांढरा रंग जड असतो, नोझल लवकर तुंबतं आणि कापडही थोडं कडक होतं. नवशिक्या मैत्रिणींनी फिक्या सुती कापडापासूनच सुरुवात करावी.

रेशमाचा प्रश्न वेगळा. रेशमी साडी ड्रायक्लीनला जाते आणि त्यातल्या रसायनाने अ‍ॅक्रिलिक मऊ पडून सुटू शकतं. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी रंगवलेला तुकडा ड्रायक्लीनवाल्याकडून आणल्याशिवाय रेशमाची ऑर्डर घेऊ नका.

इस्त्रीचा कंटाळा नको

रंग बोटाला लागत नाही म्हणजे वाळला, असं नसतं. पूर्ण एक दिवस सावलीत वाळू द्या. श्रावणातल्या दमट हवेत दोन दिवस धरा. मग कापड उलटं करून, किंवा वर पातळ सुती कापड ठेवून, वाफेशिवाय इस्त्री फिरवा. सुती कापडाला सुतीचाच आकडा लावा आणि प्रत्येक भागावर इस्त्री हलवत तीन ते पाच मिनिटं द्या. मिश्र धाग्याच्या कापडाला उष्णता कमी, वेळ जास्त. त्यानंतरही, फवारल्यापासून तीन दिवस धुऊ नका.

बावीस पदर म्हणजे एवढ्या इस्त्रीलाच ताईला दोन दिवस लागले. दिवसा वीज जायची म्हणून ती पहाटे उठून इस्त्री करायची. तिच्या सासूबाईंनी पदर धरायला मदत केली. साड्या वेळेवर गेल्या. मंगळागौर झाली, फुगड्या-झिम्मा झाला, पदर घामाने भिजले, मग साड्या घरोघरी धुतल्या गेल्या. एकीने तर सांगूनही वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. केवडा जागच्या जागी होता. त्या साड्यांच्या पैशांतून कर्जाचे तीन हप्ते गेले आणि दिवाळीत कुर्त्यांची ऑर्डर त्याच ग्रुपमधल्या दोघींनी दिली.

हिशेब असा मांडा

एका पदराला साधारण २० मिली तयार मिश्रण लागलं. बावीस पदरांना ४४०. गाळताना, धुताना वाया जाणारं धरून अर्धा लिटर. आपल्या प्रमाणात त्यातला निम्माच रंग, म्हणजे पाव लिटर. बाकी मीडियम आणि पाणी.

आता बाटलीवरची किंमत नुसती बघू नका, ती मिलीने भागा. समजा १५ मिलीची बाटली ४५ रुपयांना आहे, तर मिलीला ३ रुपये झाले. अर्धा लिटरचा डबा ७५० रुपयांना असेल तर मिलीला दीड रुपया. पण तो डबा वर्षभर पडून राहणार असेल तर स्वस्त नाही. उघडलेला रंग गुठळ्या धरतो, त्याला वास येतो. सहा महिन्यांत संपेल तेवढाच घ्या.

वीस छटांच्या बाटल्याही नकोत. पिवळा, लाल, गुलाबी, निळा, काळा आणि पांढरा एवढे मोठ्या बाटलीत घ्या, बाकी छटा मिसळून करा. फवारताना फिक्यापासून गडदाकडे जा. पिवळ्यानंतर केशरी, मग लाल. मधे धुण्यात रंग आणि वेळ दोन्ही कमी जातात.

आणि मैत्रिणींनो, गिऱ्हाइकाला भाव सांगताना रंगाच्या पैशांवर थोडी भर घालून मोकळ्या होऊ नका. रंग हा सगळ्यात छोटा खर्च आहे. स्टेन्सिल कापणं, फवारणं, इस्त्री, यंत्र धुणं हे तुमचे तास आहेत. ते वहीत लिहा आणि भावात धरा. आपण घरी करतो म्हणून ते फुकट नसतात.

लक्षात ठेवा

* फवारताना नाकाला चांगला मास्क हवा, नुसती ओढणी चालणार नाही. रंग पाण्याचा असला तरी बारीक तुषार छातीत जातात. खोलीत हवा खेळती ठेवा, मुलांना लांब ठेवा.
* केकसाठी वापरायचा एअरब्रश आणि कापडाचा एअरब्रश एकच ठेवू नका.
* पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर आणलात तर त्याच्या हवेत तेल आणि पाणी येतं, कापडावर डाग पडतात. पाणी अडवणारा फिल्टर आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर हवाच.
* काम थांबवलं की लगेच वाटीत पाणी घालून फवारा. वाळलेलं अ‍ॅक्रिलिक पाण्याने निघत नाही.
* मधे फवारा अडला तर सुईच्या टोकावर वाळलेला रंग ओल्या मऊ ब्रशने टिपा. उन्हाळ्यात हे जास्त होतं, तेव्हा काम सकाळी करा.
* प्रत्येक नव्या रंगाचा तुकडा धुऊन, त्यावर प्रमाण आणि तारीख लिहून वहीत चिकटवा. रंग बदलला, बाइंडर बदलला की पुन्हा तुकडा.
* कपड्याबरोबर चिठ्ठी द्या : उलटं करून थंड पाण्यात धुवा, ब्लीच नको, ब्रश नको, दगडावर आपटू नका, ड्रायक्लीन नको.

कापडाच्या प्रयोगशाळेत रंगाच्या पक्केपणाला एक ते पाच असे गुण देतात, पाच म्हणजे सगळ्यात पक्का. आपल्याकडे प्रयोगशाळा नसेल, पण बादली, पावडर आणि पांढरं फडकं प्रत्येकीच्या घरात आहे. नवीन ऑर्डर घ्यायच्या आधी आठवडाभर त्यांचा वापर करा. गिऱ्हाईक थोडं थांबायला तयार होतं. आपण कारण नीट सांगितलं, तो धुतलेला तुकडा हातात दिला, तर उलट त्याचा विश्वास बसतो. या सुट्टीत एखादा मांजरपाटाचा तुकडा घेऊन बसा, सहा चौकोन आखा आणि कुठला रंग टिकला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.